लांबणीवर टाकलेल्या मुली

१० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी दिल्लीतील अफगाण वकिलातीत तालिबान राजवटीचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी यांनी वार्ताहर परिषद घेतली. तीत एकाही स्त्री-वार्ताहराला प्रवेश नव्हता. गवगवा झाला, विरोधी पक्षांनी जाब विचारला, परराष्ट्र खात्याने या परिषदेशी आपला संबंध नाही असे सांगून हात झटकले, आणि दोन दिवसांनी मुत्ताकींनी दुसरी परिषद बोलावून स्त्री-वार्ताहरांना पुढच्या रांगेत बसविले. घडला प्रकार केवळ तांत्रिक स्वरूपाचा होता, असा खुलासाही त्यांनी केला. या दुसऱ्या परिषदेत मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा मंत्रिमहाशयांच्या उत्तराचा आशय असा होता की मुलींचे शिक्षण आम्ही धर्मदृष्ट्या निषिद्ध ठरविलेले नाही. पुढील आदेश होईपर्यंत ते लांबणीवर टाकले आहे, एवढेच.

‘लांबणीवर’ हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तो तालिबानचा शोध नव्हे. अफगाण स्त्रीच्या बाबतीत तो आजवर सर्वांनीच वापरलेला आहे. क्रांती स्थिर होऊ द्या, मग माणसांच्या हक्कांचे बघू, असे काबूलच्या कम्युनिस्टांनी सांगितले. जिहाद पुरा होऊ द्या, मग स्त्रियांचे बघू, असे मुजाहिदांनी सांगितले. आधी शांतता, मग न्याय, असे अमेरिकेने आणि तिच्या आश्रयाने काबूलच्या गादीवर बसलेल्यांनी वीस वर्षे सांगितले. आणि आता, आधी शेजारधर्म व सुरक्षितता, बाकीचे सवडीने, असे दिल्लीत सांगितले जात आहे. ही सारी माणसे एकमेकांची वैरी. परंतु या एका शब्दावर त्यांचे कधी दुमत झाले नाही. डॉ. सीमा समर या अफगाण स्त्रीचे उभे आयुष्य याच एका शब्दाशी झुंजण्यात गेले आहे. त्या आयुष्याचा हिशेब मांडला, म्हणजे दिल्लीत ऑक्टोबरमध्ये जे घडले ते केवळ शिष्टाचाराची चूक नव्हती, हे कळून येते.

तत्पूर्वी एका लाडक्या युक्तिवादाचा समाचार घेणे जरूर आहे. अफगाणिस्तानात स्त्रियांना कोंडून ठेवणे ही ‘त्यांची संस्कृती’ आहे, बाहेरच्यांनी त्यात पडू नये, असे म्हणणारे विद्वान आपल्याकडेही थोडे नाहीत. संस्कृतीचा एवढा पुळका असणाऱ्यांनी तिचा इतिहास तरी वाचावा. पंधराव्या शतकात हेरातच्या तैमुरी घराण्यातील राणी गौहरशाद हिने मशिदी आणि मदरसे बांधविले. मशहदची तिच्या नावाची मशीद आजही उभी आहे. काबूलमध्ये मुलींची पहिली शाळा निघाली ती १९२१ मध्ये, राणी सुरय्याच्या पुढाकाराने. १९२८ मध्ये अफगाण मुली शिक्षणासाठी तुर्कस्तानला गेल्या. राजा अमानुल्लाचे राज्य १९२९ मध्ये उलथले आणि त्या शाळा बंद पडल्या, हे खरे. पण त्या पुन्हा निघाल्याच. १९६४ च्या राज्यघटनेने स्त्रियांना मताधिकार दिला व पुढच्याच वर्षी चार स्त्रिया संसदेत निवडून आल्या. त्या काळी ना सोव्हिएत रणगाडे आले होते, ना अमेरिकन विमाने. संस्कृती म्हणून जिचा गौरव चालला आहे ती वस्तुतः बंदूकधारी पुरुषांची सत्ता आहे, आणि तिचे वय पन्नास वर्षांच्या आतबाहेर आहे.

सीमा समर यांचा जन्म १९५७ चा, गझनी प्रांतातील जाघोरी भागातला. समाज हजारा, म्हणजे धर्माने शिया, चेहऱ्यामोहऱ्याने वेगळा आणि शतकानुशतके पायदळी तुडविलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमीर अब्दुर रहमानने हजारांचा उठाव चिरडला तेव्हा त्यांच्या बायका-मुलांची गुलाम म्हणून विक्री झाली होती. अशा समाजात मुलगी म्हणून जन्मणे म्हणजे काय, हे जातिव्यवस्थेच्या देशात फोड करून सांगावे लागू नये. वडील सरकारी नोकर, म्हणून शाळा मिळाली. ती हेलमंद प्रांतातल्या लश्करगाह गावी. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी काबूलला जायचे म्हटल्यावर घरची अट पडली ती लग्नाची. अठराव्या वर्षी त्यांनी लग्न केले आणि मगच विद्यापीठ गाठले. १९८२ मध्ये काबूल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन त्या बाहेर पडल्या. एवढ्या अवधीत देशाचे काय झाले होते?

एप्रिल १९७८ मध्ये लष्करातील कम्युनिस्ट अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली. ‘सौर क्रांती’ असे तिचे नाव ठेवण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये निघालेला सातवा फतवा कागदावर वाचला तर कोणाही समाजवाद्याने मान डोलवावी असा आहे. देज तीनशे अफगाणींच्या वर घेता येणार नाही. मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या आत आणि मुलाचे अठराच्या आत होणार नाही. बळजबरीने लग्न लावणे गुन्हा. साक्षरतेचे वर्गही निघाले. परंतु हे वर्ग खेड्याखेड्यांत शिपायांच्या धाकाने भरविले गेले, विरोध करणाऱ्यांना गाड्यांत घालून नेण्यात आले, आणि नेलेले पुष्कळसे लोक परत आलेच नाहीत. पुढे २०१३ मध्ये हॉलंडच्या सरकारी वकिलांनी एका युद्धगुन्ह्याच्या तपासात हाती आलेली यादी प्रसिद्ध केली. १९७८ व १९७९ या दोन वर्षांत त्या राजवटीने मारलेल्या सुमारे पाच हजार माणसांची नावे तीत आहेत. मुलींना शाळेत घालण्याचा कार्यक्रम आणि शिक्षकांना तुरुंगात घालण्याचा कार्यक्रम एकच सरकार एकाच वेळी राबवीत होते. मुलगी शाळेत गेली की ती परक्यांची आणि निरीश्वरवाद्यांची झाली, हे मुल्लांचे म्हणणे खेडुतांना पटू लागले ते या राजवटीच्या करणीने. मुल्लांना एवढे मोठे साहाय्य दुसऱ्या कोणी क्वचितच केले असेल.

सीमा समर यांच्या पतीला याच कम्युनिस्ट राजवटीने पकडून नेले. तो पुन्हा कधीही दिसला नाही, त्याचे प्रेतही मिळाले नाही. हातात वैद्यकीय पदवी, कडेवर लहान मुलगा आणि नवऱ्याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत त्या काबूल सोडून जाघोरीला गेल्या आणि मध्य अफगाणिस्तानच्या डोंगरी मुलखात रोगी तपासू लागल्या. तेथून पाकिस्तानात, क्वेट्टा येथे.

या ठिकाणी डाव्या चळवळीला स्वतःकडे बोट दाखवावे लागेल. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तेव्हा आपल्या देशातील डाव्यांच्या एका मोठ्या गटाने त्यांचे समर्थन केले आणि त्यासाठी दाखला दिला तो काबूलच्या शिकलेल्या स्त्रियांचा. १४ जानेवारी १९८० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत परक्या फौजा मागे घ्याव्यात असा ठराव १०४ विरुद्ध १८ मतांनी संमत झाला. भारत तटस्थ राहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये काबूलच्या शाळकरी मुली त्या फौजांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, गोळीबार झाला आणि मुली मेल्या. ज्यांच्या शिक्षणाचे भांडवल करून रणगाड्यांचे समर्थन चालले होते त्या मुलींचे मत एवढे स्पष्ट असता, त्याची दखल त्या मंडळींनी घेतली नाही. आपल्या गोटातल्या बंदुकीने मारलेला माणूस मोजायचा नाही, ही खोड डाव्यांना फार महाग पडली आहे. अफगाण स्त्रियांना तर त्याहून किती तरी अधिक.

दुसऱ्या गोटाची कहाणी तर याहून काळी. अमेरिका, सौदी अरेबिया आणि पाकिस्तानचे लष्करशहा यांनी मिळून मुजाहिद टोळ्या पोसल्या, आणि त्यांतही जो अधिक कडवा त्याला अधिक पैसा, असा पाकिस्तानी हेरखात्याचा खाक्या होता. निर्वासितांच्या मुलांसाठी क्रमिक पुस्तकेही अमेरिकेनेच पुरविली. १९८४ ते १९९४ या काळात अमेरिकन सरकारच्या पैशातून नेब्रास्का विद्यापीठाने तयार करविलेल्या या पुस्तकांत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविली जात होती ती काडतुसे आणि बंदुका मोजून. ज्या देशाने एका पिढीला असले गणित शिकविले, त्याने २००१ मध्ये अफगाण स्त्रीच्या मुक्तीसाठी आपण युद्ध करीत आहोत असे सांगावे, आणि जगाने ते ऐकून घ्यावे! १७ नोव्हेंबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पत्नीने नभोवाणीवर तसे भाषण केले होते.

क्वेट्टात मुजाहिदांची हुकमत होती. तिथे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अफगाण स्त्रीच्या जिवाची शाश्वती नव्हती. ‘अफगाणिस्तानच्या स्त्रियांची क्रांतिकारी संघटना’ १९७७ मध्ये स्थापन करणारी मीना ही तरुणी तिथेच काम करीत होती. सोव्हिएत आक्रमण आणि मुजाहिदांचा धर्मांधपणा या दोहोंना ती सारखाच विरोध करी. १९८१ मध्ये फ्रेंच समाजवादी पक्षाच्या अधिवेशनाला जाऊन तिने अफगाण जनतेची बाजू मांडली होती. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी क्वेट्टा येथे तिचा खून झाला. त्या वेळी ती तिशीच्या उंबरठ्यावर होती. त्याच वर्षी, त्याच शहरात सीमा समर यांनी निर्वासित अफगाण स्त्रियांसाठी रुग्णालय उघडले, आणि दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, ‘शुहदा’ ही संस्था स्थापन केली. शुहदा म्हणजे हुतात्मे. मुजाहिदांच्या टोळ्यांनी हा शब्द आपल्या मेलेल्या लढवय्यांसाठी राखून ठेवला होता. तो एका सुईण-प्रशिक्षण देणाऱ्या आणि शाळा चालविणाऱ्या संस्थेच्या पाटीवर आला.

या रुग्णालयात येणाऱ्या बायकांच्या दुखण्यांत एक दुखणे वारंवार आढळे. हाडे मऊ पडलेली, कंबर आणि पाय सतत दुखणारे. कारणे दोन: एक, पोटभर आणि सकस अन्न नाही, दुसरे, अंगाला ऊन लागत नाही. नखशिखान्त बुरख्यात आणि चार भिंतींत वावरणाऱ्या बाईच्या हाडांना सूर्यप्रकाशाचा अंश मिळत नाही, म्हणून ती ठिसूळ होतात, ही गोष्ट सीमा समर यांनी जाहीरपणे मांडली. पडद्याच्या प्रश्नावर धर्मशास्त्राचे किती तरी ग्रंथ लिहिले गेले असतील. या डॉक्टरबाईंनी तो वाद रोग्याच्या हाडापाशी आणून सोडला. जे शिक्षणाचे तेच याचे. ‘आमच्या बायकांना पुरुष डॉक्टरने हात लावता कामा नये’ असे म्हणणाऱ्यांनी, बायकांना डॉक्टर होऊ द्यायचे की नाही, याचे उत्तर देणे भाग आहे. दोन्ही नको म्हणणे याचा अर्थ, बाईने मरावे. दुसरा अर्थ निघत नाही.

१९९६ मध्ये तालिबान पहिल्यांदा काबूलला आले आणि मुलींच्या शाळा बंद झाल्या. तरीही मध्य अफगाणिस्तानच्या हजारा भागात ‘शुहदा’च्या शाळा चालू राहिल्या, आणि त्यांत मुली वरच्या वर्गांपर्यंत शिकत होत्या. तालिबानने जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. मला चौकात खुशाल फाशी द्या, पण मुलींच्या हाती कागद आणि पेन्सिली दिल्या हा माझा गुन्हा लोकांना ओरडून सांगा, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर तेव्हापासून सांगितले जाते. संस्थेच्या शाळांतील विद्यार्थ्यांची संख्या पुढे वीस हजारांच्या वर गेली; चार रुग्णालये आणि डझनभर दवाखाने उभे राहिले. पैसा बराचसा परदेशी मदत-संस्थांचा होता, हे खरे. परंतु पैसा मुलींना घरातून काढून वर्गात बसवू शकत नाही. ते काम गावातल्या आई-बापांनी केले, आणि तेही जिवावर उदार होऊन. संस्कृतीचा हवाला देणाऱ्यांनी या आई-बापांना कोणत्या संस्कृतीत घालायचे ते एकदा ठरवावे. १९९४ मध्ये सीमा समर यांना सामाजिक नेतृत्वासाठी मॅगसेसे पारितोषिक मिळाले. हेच पारितोषिक १९७९ मध्ये जामखेडच्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांना मिळाले होते. गावातल्या अल्पशिक्षित बाईला शिकवून तिच्याच हाती गावाचे आरोग्य सोपविण्याची त्यांची पद्धत महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना परिचित आहे. काम एकाच जातीचे. फरक एवढाच की जामखेडला कोणी मशीनगन घेऊन दारात उभा नव्हता.

मग आले २००१ साल. डिसेंबरच्या बॉन करारानुसार हमीद करझाई यांचे हंगामी सरकार बनले; सीमा समर त्याच्या पाच उपाध्यक्षांपैकी एक आणि स्त्री-कल्याण खात्याच्या पहिल्या मंत्री झाल्या. खाते होते, पण आरंभी त्याला ना कचेरी होती ना पैसा. याउलट त्याच सरकारात ज्यांनी १९९२ ते १९९६ या काळात काबूल तोफांनी उद्ध्वस्त केले, ज्यांच्या फौजांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये अफशार वस्तीत हजारांची कत्तल केली, असे टोळीप्रमुख मानाने बसले होते. अमेरिकेला तालिबानविरुद्ध त्यांच्या बंदुका हव्या होत्या. जून २००२ मध्ये लोया जिरगा भरली, तेव्हा कॅनडातील एका फार्सी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीचे निमित्त करून सीमा समर यांच्यावर धर्मनिंदेचा आरोप ठेवण्यात आला. त्यांना ‘अफगाणिस्तानचा सलमान रश्दी’ ठरविण्यात आले. खटला पुढे टिकला नाही, परंतु मंत्रिपद गेले. सहा महिन्यांत! स्त्रीमुक्तीसाठी युद्ध केल्याचा डांगोरा पिटणाऱ्यांपैकी कोणीही त्या वेळी त्यांच्या बाजूने ठाम उभा राहिला नाही.

त्यानंतर त्या स्वतंत्र मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष झाल्या व २०१९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे, आणि सर्वांत कमी बोलले गेलेले काम याच काळातले आहे. जानेवारी २००५ मध्ये आयोगाने एक अहवाल प्रसिद्ध केला. देशभरातील आणि परदेशी निर्वासित छावण्यांतील सहा हजारांवर अफगाणांना साधे प्रश्न विचारले होते. युद्धकाळात तुमच्यावर वा तुमच्या कुटुंबावर अत्याचार झाले काय? शंभरातील ६९ जणांनी होय म्हणून सांगितले. अपराध्यांवर खटले भरले तर अशांतता माजेल काय? तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचे उत्तर असे होते की उलट त्याने देश स्थिर होईल. मुत्सद्दी म्हणत होते, आधी शांतता, मग न्याय. अडाणी, गरीब, युद्धाने होरपळलेली माणसे म्हणत होती की न्याय नसेल तर शांतता येणारच नाही. यांतले कोण शहाणे ठरले, हे १५ ऑगस्ट २०२१ रोजी सर्व जगाने पाहिले.

त्या अहवालाचे पुढे काय झाले? २००७ मध्ये अफगाण संसदेने स्वतःच्याच सभासदांना अभय देणारा कायदा केला: गेल्या तीन दशकांतील लढायांत जे जे कोणी लढले त्यांच्यावर सरकार खटले भरणार नाही. तो कायदा राजपत्रात छापला गेला, आणि छापला गेल्याचे लोकांना कळले ते २०१० मध्ये. अपराधी कोण, ते अपराध्यांनीच मतदानाने ठरविले! सीमा समर यांच्या आयोगाने तरीही १९७८ ते २००१ या काळातील अत्याचारांचा, कम्युनिस्टांच्या, मुजाहिदांच्या आणि तालिबानच्या अशा सर्वांच्या अत्याचारांचा, प्रांतवार दप्तरी दाखला तयार केला. शेकडो पाने, १८० सामुदायिक कबरींच्या नोंदी. २०११ च्या अखेरीस तो तयार झाला, त्याच सुमारास करझाईंनी हे काम पाहणाऱ्या आयोगाच्या सभासदाला पदावरून दूर केले. अमेरिकन वकिलातीतील अधिकाऱ्यांनाही हा अहवाल त्या वेळी बाहेर येणे नको होते, असे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. तो कधीच प्रकाशित झाला नाही. स्वतःचा नवरा ज्या काळोखात नाहीसा झाला त्या काळोखातल्या हजारोंची मोजदाद या बाईने केली, आणि ते कागद कपाटात कुलूपबंद झाले.

असे म्हणणारेही आहेत की त्यांनी तेव्हा राजीनामा फेकावयास हवा होता. त्यांनी सरकारात राहून फार सोसले, फार जुळवून घेतले. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. २०१९ नंतरही त्या अश्रफ घनी सरकारात राज्यमंत्री होत्या, आणि त्याच घनी सरकारने २०१६ मध्ये हिकमतयारशी तह करून त्याला अभय दिलेले होते. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांनी हेही पाहावे की त्यांच्याजवळ दुसरी फौज नव्हती. आयोगाच्या प्रांतोप्रांतीच्या कचेऱ्यांत मारहाण झालेल्या बायका तक्रार नोंदवायला येत, तुरुंगातील कैद्यांची विचारपूस होई. राजीनामा दिला असता तर ती दारेही बंद झाली असती. त्याच काळात, २०१० मध्ये, त्यांनी काबूलला एक उच्च शिक्षणसंस्था काढली. तिला नाव दिले गौहरशाद.

२९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिका व तालिबान यांनी करारावर सह्या केल्या. अफगाण सरकार त्यात पक्षकार नव्हते. कैदी किती सोडायचे याचा आकडा करारात आहे: पाच हजार. फौजा कधी न्यायच्या याचे महिने आहेत. स्त्रिया हा शब्द त्या संपूर्ण करारात एकदाही आलेला नाही. त्यापुढचे सारे या एका वगळलेल्या शब्दातून निघाले. ८ मे २०२१ रोजी काबूलच्या हजारा वस्तीत मुलींच्या शाळेबाहेर स्फोट झाले व ऐंशीहून अधिक जीव गेले. त्यांत बहुतेक शाळकरी मुली. तीन महिन्यांनी तालिबान राजधानीत आले. सप्टेंबरमध्ये मुलग्यांच्या माध्यमिक शाळा उघडल्या, मुलींच्या उघडल्या नाहीत. जे स्त्री-कल्याण खाते सीमा समर यांनी रिकाम्या हातांनी सुरू केले होते, त्याची पाटी काढून तिथे ‘सद्गुणांचा प्रसार आणि दुर्गुणांचा प्रतिबंध’ करणारे खाते बसविण्यात आले. २३ मार्च २०२२ रोजी मुली दप्तरे घेऊन शाळेत गेल्या आणि काही तासांतच घरी परत पाठविल्या गेल्या. मेमध्ये मानवी हक्क आयोग रद्द झाला. कारण सांगितले गेले अंदाजपत्रकातील तुटीचे. ३० सप्टेंबरला काबूलच्या त्याच हजारा वस्तीत परीक्षेची तयारी करणाऱ्या पन्नासहून अधिक मुली व तरुण बॉम्बस्फोटात ठार झाले. डिसेंबरमध्ये विद्यापीठे बंद. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणी यांचे शिक्षणही बंद. ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनर प्रांतात भूकंप झाला, दोन हजारांवर माणसे मेली, आणि ढिगाऱ्यातून काढलेल्या जखमी बायकांना तपासायला स्त्री-डॉक्टर पुरेशा नव्हत्या. क्वेट्टाचे १९८७ साल अफगाणिस्तानात परत आले. संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीच्या मार्च २०२५ च्या हिशेबाप्रमाणे बावीस लाख मुली लांबणीवर टाकलेल्या आहेत. बारा वर्षांची मुलगी लांबणीवर टाकली म्हणजे तिचे काय होते? तिचे लग्न लावून देतात.

आता पुन्हा दिल्लीकडे. तालिबानशी बोलूच नये, असे कोणी म्हणत नाही. काबूलमध्ये सत्ता त्यांच्या हाती आहे. भूकंपग्रस्तांना धान्य आणि औषधे पोचवायची तर त्यांच्याशीच बोलावे लागणार. परंतु बोलणे निराळे आणि लाल गालिचा अंथरणे निराळे. रशियाने जुलै २०२५ मध्ये तालिबानला रीतसर मान्यता देऊन टाकली. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचा सर्वोच्च नेता हैबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर स्त्रियांच्या छळाबद्दल अटकेची वॉरंटे काढली. या दोन घटनांपैकी भारत सरकारच्या डोळ्यांसमोर कोणती होती? मुत्ताकी दिल्लीत असतानाच काबूलमधील आपल्या तांत्रिक कचेरीला वकिलातीचा दर्जा देण्याची घोषणा झाली. तिच्या बदल्यात एका शाळेचे तरी दार उघडा, असे मागितल्याचे कोठे ऐकिवात आले नाही. १९४६ मध्ये, अजून स्वतंत्रही न झालेल्या या देशाने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, आणि तो जगात पहिला होता. अफगाण स्त्रिया आज मागतात ती गोष्ट याहून वेगळी नाही: स्त्रियांना जन्माच्या कारणावरून माणुसकीच्या हक्कांतून बाहेर काढणाऱ्या राजवटीचे कृत्य वर्णद्वेषाप्रमाणेच आंतरराष्ट्रीय गुन्हा मानावे. भारताने काबूलला अफगाणांसाठी संसद-भवन बांधून दिले, २०१५ मध्ये पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. त्या भवनात बसणाऱ्या स्त्री-सभासद आज परागंदा आहेत, आणि भवन बांधणाऱ्यांना त्यांची आठवण राहिलेली नाही.

दूरच्या दक्षिण आफ्रिकेचे राहो, जवळची एक गोष्ट तरी भारताच्या हातची आहे. वर्षानुवर्षे अफगाण विद्यार्थी भारत सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर येथे शिकत आले. पुण्यात तर त्यांची संख्या मोठी होती, आणि त्यांत मुलीही होत्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल पडून जेमतेम दहा दिवस झाले होते तेव्हा, भारत सरकारने देशाबाहेर असलेल्या सर्व अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा एका आदेशाने रद्द केले. सुटीत घरी गेलेल्या, शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या मुली तिकडेच अडकल्या. नंतर दूरस्थ शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या; म्हणजे मुलीने काबूलमध्ये कोंडलेल्या घरात बसून, वीज आणि जोडणी असेल तेव्हा, भारतातला वर्ग पडद्यावर पाहावा. ही सोय नसण्यापेक्षा बरी. परंतु तालिबानच्या मंत्र्याला दिल्लीला येण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडून प्रवासबंदीतून खास सवलत मिळविता येते, तर प्रवेश मिळालेल्या मुलीला साधा विद्यार्थी-व्हिसा का मिळू नये? सुरक्षिततेला धोका मंत्र्याचा अधिक की वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थिनीचा?

पुण्याच्या विद्यापीठाच्या नावात २०१४ पासून सावित्रीबाई फुले आहेत. प्रवेश देणे विद्यापीठाच्या हाती आहे, व्हिसा देणे दिल्लीच्या. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी विद्यापीठाकडे अफगाण विद्यार्थिनींसाठी राखीव जागांची मागणी करावी. आणि संसदेतील समविचारी सभासदांनी गृहमंत्र्यांना एवढेच विचारावे: २५ ऑगस्ट २०२१ नंतर किती अफगाण विद्यार्थिनींनी व्हिसासाठी अर्ज केले, त्यांतील किती मंजूर झाले, आणि किती अर्ज अद्याप लांबणीवर आहेत?